छप्पन किलो गूळ

राजेश्वरीबाईंपुढे आपलं वजन तोंडी सांगायचं नाही, हे कुंभकोणमच्या त्या बारा खाटांच्या दवाखान्यात येणाऱ्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. नवखा माणूस मात्र फसतो. "सत्तर असेल, सिस्टर," असं सहज बोलून जातो, आणि मग बाई त्याच्याकडे अशा बघतात की बिचाऱ्याला वाटावं, आपण चपलांसकट गाभाऱ्यात शिरलो की काय. 'असेल' हा शब्द घरी ठेवून यायचा. चपला काढायच्या, खिशातला फोन आणि किल्ल्या टेबलावर ठेवायच्या, काट्यावर सरळ उभं राहायचं आणि भिंतीला हात लावायचा नाही. भिंतीला नुसतं बोट टेकलं तरी दोन किलो गायब होतात, असं बाईंचं म्हणणं, आणि त्यांनी ते करून दाखवलेलं आहे.

वय अठ्ठावन्न. अंगानं शिडशिडीत, केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. घराणं तंजावरच्या जुन्या मराठ्यांचं. कोणी पूर्वज राजवाड्यात कोठारावर होता म्हणे, आणि बाईंचा हा मोजण्याचा सोस त्याच्याकडूनच आला, असं त्यांची थोरली बहीण भवानीअक्का चेष्टेनं म्हणते. दवाखान्यात दिवसभर तमिळ चालते. मराठी घरापुरती, देवापुरती आणि फार राग आला की आकडे मोजण्यापुरती. सिस्टर मराठीत दहापर्यंत मोजायला लागल्या की हाताखालच्या नर्स पोरी हातातलं काम टाकून उभ्या राहतात.

रोज सकाळी सात वाजता काटा तपासायचा, हा त्यांचा नेम. त्यासाठी तांदळाच्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी दहा किलोचं लोखंडी माप मिळवलंय. माप काट्यावर ठेवायचं, बरोबर दहा दिसले तरच दिवस सुरू. तिरुक्करुगावूरच्या देवळातून गर्भ राहावा म्हणून प्रसादाचं तूप घेऊन परतणाऱ्या बायका वाटेत तपासणीला येतात, त्यांच्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांचं वजन बाई वजा करतात. नऊवारी रेशमी असेल तर एक किलो, सुती असेल तर सहाशे ग्रॅम. तिरुप्पनंदाळचा एक आचारी काट्यावर चढताना दरवेळी श्वास रोखून धरायचा. हवा आत घेतल्यानं वजन कमी होत नाही, उलट आकडा बघताना तुझं पोट आडवं येतं, असं त्याला त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. तो अजूनही येतो आणि अजूनही श्वास रोखतो.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं तर बाई डॉक्टरांच्या फोनकडे बोट दाखवतात. दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वामीनाथ पूर्वी कागदावर हिशेब मांडायचे. आता तरुण डॉक्टर लक्ष्मीप्रिया फोनवर मांडते. वजन, उंची, वय, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम भरलं की फोन सांगतो: एवढं सलाइन, एवढ्या वेगानं, एवढं औषध. बाईंना या यंत्राचं कौतुक आहे. डॉक्टर स्वामीनाथांचं अक्षर वाचण्यात त्यांची निम्मी हयात गेली, ते कष्ट तरी वाचले. पण नव्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी बजावतात, की फोन हुशार असला तरी आंधळा आहे. त्याला पेशंट दिसत नाही, आपण सांगू तेच तो खरं धरतो. तेव्हा त्याच्याशी खोटं बोलायचं नाही.

आणि जो उभाच राहू शकत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी बाईंच्या खिशात पिवळी टेप असते, शिंप्याकडे असते तीच. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप, दंडाचा घेर, पोटरीचा घेर. तंजावरच्या एका शिबिरात त्या हे वीस वर्षांपूर्वी शिकल्या. तीन मापांवरून वजनाचा अंदाज निघतो आणि तो सहसा दोन-तीन किलोंपलीकडे चुकत नाही. कापडी टेप वापरून वापरून ताणते, म्हणून दर सहा महिन्यांनी नवी. पोरी पाठीमागे त्यांना 'शिंपीण अक्का' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

अशा या बाई. आणि दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी गत त्यांचीच झाली, ती मागच्या उन्हाळ्यात.

भवानीअक्का त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा राजेश्वरी पाच वर्षांची होती आणि अक्का सोळाची. अक्कानं तिची वेणी घातली, तिला जेवू घातलं, तिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीला दारापर्यंत सोबत केली, आणि धाकटी हाताशी येईपर्यंत स्वतःच्या लग्नाला नाही म्हणत राहिली. आज ती एकोणसत्तर वर्षांची, इन्नंबूरला मुलाजवळ राहते. राजेश्वरीबाईंनी लग्न केलं नाही, त्या कुंभकोणमलाच. दोन गावांत अंतर फार नाही, पण भेट म्हणजे सणावारी, दोन तासांची, आणि तीही अक्का चुलीपुढे आणि बाई घड्याळाकडे बघत.

चैत्रातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला अक्काचा मुलगा मुरली तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. दोन दिवसांपासून ती गुंगीत होती, असंबद्ध बोलत होती, त्या सकाळी तर तिनं मुरलीलाच 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं. खाटेवर ठेवल्यावर राजेश्वरीबाई वाकल्या. अक्कानं डोळे किलकिले केले आणि त्यांना 'आई' म्हणून हाक मारली. पस्तीस वर्षांत हजारो पेशंट बघितले, पण त्यांतल्या एकानंही त्यांना लहानपणी न्हाऊ घातलं नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट तासाभरात आला. सोडियम एकशे तेरा. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. मुरलीनं हळूहळू सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी एका डॉक्टरांनी रक्तदाबाची नवी गोळी दिली होती, जास्त लघवी होऊन मीठ-पाणी बाहेर टाकणारी, आणि वर मीठ जरा कमी करा असं सांगितलं होतं. अक्कानं 'जरा' हा शब्द ऐकलाच नाही. मीठ बंदच केलं. कुंभकोणमजवळच्या उप्पिलियप्पनच्या देवळात नैवेद्य अळणी असतो, देवाला चालतं ते मला का चालू नये, हा तिचा युक्तिवाद. त्यात उन्हाळा, म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. गोळीनं मीठ बाहेर जात राहिलं आणि उरलेलं पाण्यात विरघळत गेलं.

लक्ष्मीप्रियानं फोन उघडला. तीन टक्के मिठाचं सलाइन हळूहळू द्यायचं होतं, पंपावर. यातली गोम बाईंना तिच्याइतकीच ठाऊक होती. सोडियम वाढायला हवं, पण एका दिवसात सहा, फार तर आठ. त्यापेक्षा घाईनं वाढलं तर मेंदूच्या आत इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही. माणूस आधी शुद्धीवर येतो, घरचे हसू लागतात, आणि चार-पाच दिवसांनी त्याची जीभ जाते, हातपाय जातात. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात नोकरीला असताना बाईंनी असा एक माणूस बघितला होता. त्याला सगळं कळत होतं आणि फक्त पापण्या हलत होत्या. तो त्यांना अजून स्वप्नात दिसतो.

फोननं वजन विचारलं. लक्ष्मीप्रियानं वर बघितलं.

"छप्पन," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"मोजलंय, सिस्टर?"

"माझी अक्का आहे ती. मला ठाऊक आहे."

बघा, काय बोलून गेल्या! इतर कुणाच्या नातेवाइकानं हे वाक्य उच्चारलं असतं तर त्याची तिथंच खरडपट्टी निघाली असती. पण बाईंच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी तीन वर्षांपूर्वीचा तुलाभार होता. त्याआधीच्या साथीत बाई स्वतः अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या, आणि अक्काला वॉर्डच्या दारातही उभं राहू देत नव्हते. तेव्हा तिनं उप्पिलियप्पनला नवस बोलला, की राजू घरी आली तर माझ्या भारंभार, वजनाला वजन, गूळ वाहीन. राजू घरी आली. पुढच्या वर्षी देवळातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात अक्का रेशमी नऊवारी नेसून मांडी घालून बसली, पदर पोटाशी घट्ट धरून, आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढत गेल्या. छप्पन किलो. ढेपा बाईंनी स्वतः मोजल्या होत्या. तो आकडा त्यांच्या मनात देवाच्या साक्षीनं कोरला गेला होता, त्यावर शंका कशी घेणार?

फोननं हिशेब दिला. दिवसभरात चारशे मिली, म्हणजे ताशी सुमारे सतरा. पंप सुरू झाला. दर चार तासांनी रक्त तपासायचं ठरलं. मुरली बाहेरच्या बाकावर बसला.

दीड तासानं बाई रक्तदाब घ्यायला आल्या. सकाळी घाईत तो एका पोरीनं घेतला होता. त्यांनी पट्टा दंडाभोवती गुंडाळला तर तो गुंडाळतच राहिला. पट्ट्यावर मापाच्या रेघा असतात, गुंडाळल्यावर टोक त्या दोन रेघांमध्ये यायला हवं. ते कुठल्या कुठे पलीकडे गेलं. त्यांना आधी वाटलं, पट्टाच चुकीचा आणला. मग त्यांनी अक्काचं पोलकं खांद्यापर्यंत वर सारलं आणि तशाच थांबल्या.

पोलक्याच्या आत दंड जवळजवळ नव्हताच. हाड आणि त्यावर सैल कातडं.

त्यांनी खिशातून टेप काढली. दंड एकवीस सेंटिमीटर. पोटरी सत्तावीस. गुडघ्याचं माप त्यांनी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा आकडा डोळ्यांना दिसेना. सणावारी भेटणारी अक्का नऊवारीच्या घोळात आणि अंगभर ओढलेल्या पदरात होती, आणि त्या घोळाच्या आत माणूस किती उरलंय हे बघायला धाकटीला कधी फुरसत झाली नव्हती. सगळ्या गावाच्या बांगड्या वजा करणाऱ्या बाईंनी बहिणीचं लुगडं तेवढं वजा केलं नव्हतं. अंदाज निघाला एकोणचाळीस किलो.

चूक कुणाला न सांगता दुरुस्त करता आली असती. पंपाचा वेग कमी करायला एक बटण पुरतं. पण राजेश्वरीबाई तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. तिथं दोन पोरी आणि एक औषधकंपनीचा माणूस उभा होता, त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

"डॉक्टर, वजन मी तोंडी सांगितलं होतं. मोजलं नव्हतं. ते एकोणचाळीस आहे."

लक्ष्मीप्रिया त्यांच्या मुलीच्या वयाची. ती खुर्ची मागे सारून उठली आणि चालता चालताच नवा आकडा भरला. चारशेच्या जागी दोनशे ऐंशी मिली. ताशी सतराच्या जागी बारा. आतापर्यंत पंचवीसेक मिली गेलं होतं, त्यानं बिघडणार नाही, असं तिनं सांगितलं. चार तासांच्या तपासणीत आपल्याला कळलंच असतं, असंही म्हणाली. ते खरं होतं. पण ती गोळी बंद झाली की शरीर आपणहून भराभर पाणी टाकू लागतं आणि सोडियम उडी मारतं, हेही खरं होतं. त्या उडीच्या वर ही चूक चढली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब बाईंना फोनशिवाय करता येत होता.

नंतरचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. चार तासांनी एकशे पंधरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे एकोणीस, म्हणजे बरोबर सहानं वर. अक्का शुद्धीवर आली, मुरलीला ओळखलं, त्याची दाढी वाढलीय म्हणून रागावली. मुरली आनंदानं सगळ्यांना कॉफी पाजत सुटला. बाईंनी कॉफी घेतली नाही. त्यांना तो पापण्यांचा माणूस दिसत होता, त्याच्याही घरच्यांनी दुसऱ्या दिवशी असाच आनंद केला होता. त्या दर दोन तासांनी येत, अक्काला जीभ बाहेर काढायला लावत, बोटं आवळायला सांगत, गिळून दाखव म्हणत. अक्का वैतागली. मी काय शाळेतली पोर आहे, असं म्हणाली. पाणी मोजून मिळायचं, त्यावरूनही रोज भांडण. तिसरा दिवस, चौथा, पाचवा. प्रत्येक सकाळी खोलीत शिरण्याआधी बाई दाराशी क्षणभर थांबायच्या आणि आतून अक्काची कुरकुर ऐकू आली की मगच आत जायच्या. त्या कुरकुरीइतकं गोड त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सोडियम एकशे बत्तीस आलं. जीभ शाबूत होती, किती शाबूत ते सगळा दवाखाना ऐकत होता. डॉक्टर स्वामीनाथ स्वतः येऊन बघून गेले आणि घरी न्यायला परवानगी दिली. जाण्याआधी एकच काम उरलं होतं.

"चढ काट्यावर," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

अक्का चढली. हलक्या सुती साडीत, पाय उघडे, हात मोकळे. भिंतीपासून वीतभर दूर उभी राहिली. आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. अडतीस पूर्णांक सहा.

बाईंनी तो लिहिला. मग पेन तसंच हातात धरून विचारलं, की तीन वर्षांत सतरा किलो गेले आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस? देवळात छप्पन होतीस. ढेपा मी मोजल्या होत्या.

अक्का काट्यावरून उतरली नाही. आकड्याकडे बघत राहिली, आणि त्यांच्या घरच्या जुन्या मराठीत हळूच म्हणाली, "इतुके गेले नाहींत, राजू. मांडीवर वरवंटा होता."

"काय होतं?"

"घरचा दगडी वरवंटा. पदराखालीं धरला होता."

राजेश्वरीबाईंना पोटाशी घट्ट धरलेला तो रेशमी पदर आठवला. अक्का देवासमोर लाजतेय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"कां पण, अक्का?"

"तूं तिथें अकरा दिवस नळीवर होतीस. मज आंत सोडीनात. देवास म्हटलें, माझ्या भारंभार घे आणि राजूस माघारी दे. मग पारड्यांत बसायच्या दिवशीं मनांत आलें, मी ही एवढीशी. इतकुशा वजनांत तुझा जीव कसा मागूं?"

सगळा जन्म बाईंनी खिशातल्या किल्ल्यांवरून माणसांना झापलं होतं. श्वास रोखणारा आचारी, एक टाच उचलून धरणारे शेठ, फोन कमरेला खोचून चढणाऱ्या पोरी, एकही त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. आणि ही बाई त्यांच्या डोळ्यांदेखत, देवाच्या तराजूवर, पदराखाली दगड घेऊन बसली होती. रागवावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मराठीत एक, दोन असं मोजूही लागल्या. तीनच्या पुढे आवाज निघेना. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि तशाच उभ्या राहून रडल्या. अक्का काट्यावरूनच त्यांच्या अंबाड्यावरून हात फिरवत राहिली, पूर्वी वेणी घातल्यावर फिरवायची तसा.

थोड्या वेळानं लक्ष्मीप्रिया घरी जायचे कागद घेऊन दारात आली. गोळ्यांचा हिशेब करायचा होता. तिनं फोन उघडला, दोघी बहिणींकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, वजन किती लिहू?

"अडतीस पूर्णांक सहा," राजेश्वरीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मोजलंय."